शेफ वाढेल ते खायचं: ओमाकासेला बाबांना घेऊन जावं का?

कंबरतळ्याकाठी | ३ जानेवारी, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण नीट सल्ला हवा आहे.

माझा धाकटा भाऊ चार वर्षांपासून ओसाकाला नोकरीला आहे. एप्रिलमध्ये आई, बाबा आणि मी त्याच्याकडे जातोय. बाबांच्या सत्तरीनिमित्त त्याला आम्हाला ओमाकासे जेवण द्यायचं आहे. म्हणजे मेन्यूकार्ड नाही, समोर शेफ उभा, तो देईल ते आणि तो देईल त्या क्रमाने खायचं.

आधी सवय व्हावी म्हणून गेल्या महिन्यात आम्ही पुण्यात एका जपानी पद्धतीच्या रेस्टॉरंटमध्ये गेलो. सोलापूरहून सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जायचं, दुपारी जेवायचं, संध्याकाळच्या हुतात्माने परत. माणशी साडेतीन हजार. मी फोनवर दोनदा सांगितलं होतं की एक जण पूर्ण शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही. "हो मॅडम, नोंद केली आहे."

बाबांसमोर पहिलीच आली सुपाची वाटी. वर कांद्याची हिरवी पात, खाली तोफूचे पांढरे तुकडे. बाबांनी एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. "यात काहीतरी समुद्राचं आहे." वाढणारा मुलगा नाही म्हणाला. मी आत जाऊन विचारलं तेव्हा कळलं की ज्या पाण्यात सूप केलं होतं, ते पाणीच वाळवलेल्या माशाचं होतं.

आमचं घर लिंगायत, बाबांच्या गळ्यात इष्टलिंग. त्यांनी आवाज चढवला नाही. उठून चूळ भरून आले आणि नंतर फक्त कोरडा भात खाल्ला. गाडीत कुर्डुवाडी येईपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "मिलमध्ये होतो तेव्हा इतकी वर्षं खानावळीत जेवलो, एकदाही विचारलं नाही आज काय आहे म्हणून. मावशी वाढायची, मी खायचो. पण ती मला ओळखत होती."

तेव्हापासून ते वाक्य मनात घोळतंय. ज्यांना माहिती आहे त्यांनी सांगा, खरं ओमाकासे असतं कसं? शाकाहारी माणसाने त्या वाटेला जावं का?

---

पार्कचौक | ३ जानेवारी, रात्री ९:४०

मला हा प्रकारच पटत नाही. आपण मंडईत वांगीसुद्धा देठ बघून, दाबून घेतो. इथे हजारो रुपये मोजायचे आणि काय खायचं हे दुसऱ्याने ठरवायचं? बाबांच्या बाबतीत झालं ते ऐकून वाईट वाटलं. पुन्हा नेऊ नका.

---

तेन्नोजी_ते_सातरस्ता | ३ जानेवारी, रात्री ११:०५

ताई, मी सहा वर्षं ओसाकात होतो, आता सोलापुरातच आहे. बाबांचं वाचून फार वाईट वाटलं. जे झालं ती त्या रेस्टॉरंटची चूक आहे. दाशी, म्हणजे सुपाचं ते मूळ पाणी, नेहमीची असेल तर शाकाहारी नसते हे तिथल्या शेफला माहीत असणारच, ते तुम्हाला फोनवरच सांगायला हवं होतं.

आता ओमाकासेबद्दल. 'माकासेरु' म्हणजे सोपवणं. 'ओमाकासे' म्हणजे "तुमच्यावर सोपवलं". याच्या उलट 'ओकोनोमी', म्हणजे आपल्याला हवं ते एकेक सांगून मागवणं. बऱ्याच सुशीच्या दुकानांत दोन्ही चालतं.

सोपवायचं का, तर त्या दिवशी बाजारात काय चांगलं आलंय हे आपल्याला कळत नाही, त्याला कळतं. पहाटे तोच जाऊन माल बघून येतो. टोकियोचा मोठा मासळीबाजार त्सुकिजीला होता, २०१८ च्या ऑक्टोबरात तो तोयोसूला हलला. जपानी लोक हंगामाच्या बाबतीत फार काटेकोर. कात्सुओ नावाचा मासा वसंताच्या शेवटी येतो तेव्हा हलका लागतो, तोच शरदात परतताना चरबी धरून येतो. मासा एकच, पण नावं दोन आणि चवीही दोन. बुरी नावाचा मासा खावा थंडीत. छापलेल्या मेन्यूकार्डात हे बसत नाही.

दुसरं म्हणजे क्रम. आधी पांढरे, हलक्या चवीचे मासे, मग ट्यूना, त्यातही आधी लाल भाग आणि नंतर चरबीचा, शेवटाकडे आनागो हा वामेसारखा मासा आणि अंड्याचा गोडसर तामागो. चरबीचा तुकडा आधी खाल्ला तर नंतरच्या हलक्या माशाची चवच लागत नाही.

एक प्रसंग सांगतो. आठ खुर्च्यांचं दुकान होतं, मी पहिल्यांदाच गेलेलो. शेफने पहिली निगिरी, म्हणजे भाताचा छोटा मुटका आणि वर माशाचा काप, माझ्यासमोर ठेवली, मी डाव्या हाताने उचलली. तो काही बोलला नाही. दुसरी ठेवली ती तिरकी दिशा बदलून, माझ्या डाव्या हाताला सोपी पडेल अशी. तिसऱ्या निगिरीला भात थोडा कमी घेतला, कारण दुसरी खाताना मला दोन घास लागले होते. भात थंड नव्हता, अंगाच्या उबेइतका कोमट होता. वर सोया सॉसचा हात ब्रशने त्यानेच फिरवलेला, त्यामुळे बुडवायचं काही नव्हतं. ठेवली की लगेच उचलून खायची. फोटोच्या नादात दोन मिनिटं गेली तर भाताची ऊब जाते. शेजारच्या बाईंना त्याने झणझणीत वासाबी चटणी कमी लावली, त्यांनी न सांगता, कारण आधीच्या घासाला त्यांचे डोळे पाणावलेले त्याने पाहिले होते.

अशा शेफला 'इतामाए' म्हणतात, म्हणजे कापायच्या पाटासमोरचा माणूस. दीड तास तो आपल्याकडे बघत असतो, ओमाकासेत पैसे मोजायचे ते या बघण्याचे.

---

पार्कचौक | ४ जानेवारी, सकाळी ८:२०

छान लिहिलंत. पण मग पुण्यामुंबईत ज्याच्या त्याच्या पाटीवर हा शब्द कसा? प्रत्येक जण पहाटे बाजारात जातो का?

---

तेन्नोजी_ते_सातरस्ता | ४ जानेवारी, सकाळी ९:०२

रास्त प्रश्न आहे. ठरलेले दहा पदार्थ सगळ्या टेबलांवर सारखेच येत असतील आणि करणारा आत दाराआड असेल, तर ती थाळी झाली. थाळीत वाईट काही नाही, पण तिला ओमाकासे म्हणू नये. ओळखायचं सोपं आहे. बुकिंगच्या वेळी "काय चालत नाही?" हे ते आपणहून विचारतात का? आणि उत्तर ऐकून आणखी एखादा प्रश्न विचारतात का? नुसतं "नोंद केली" म्हणाले तर सावध व्हावं.

किमतीबद्दलही थोडं. निगिरी मुळात गाड्यावरचं खाणं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, हानाया योहेई यांनी ती लोकप्रिय केली असं मानतात. कामावरून जाणारे लोक उभ्या उभ्या दोन घास खाऊन पुढे जायचे. बर्फ नव्हता, म्हणून मासा मिठात-व्हिनेगरमध्ये मुरवायचे किंवा सोया सॉसमध्ये भिजवून ठेवायचे. कोहादा मासा आजही मीठ-व्हिनेगर लावूनच देतात. तेव्हा फार महाग तेच अस्सल असं काही नाही. ओसाकात दुपारचं साधं ओमाकासे बेताच्या पैशातही मिळतं.

---

जुळे_सोलापूर_३ | ४ जानेवारी, दुपारी १:३०

मी जैन आहे, नवऱ्याच्या कामामुळे जपानला तीनदा गेले. शाकाहारी लोकांनी हे वाचाच.

खरी अडचण दाशीची आहे. जपानी स्वयंपाकाचं ते मूळ पाणी, जशी आपल्याकडे फोडणी. नेहमीची दाशी कोंबू नावाचं वाळवलेलं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी यांची करतात. कात्सुओबुशी म्हणजे तोच कात्सुओ मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवलेला. तो रंध्यासारख्या पात्यावर किसतात. मिसो सूप, शिजवलेल्या भाज्या, नूडल्सचं पाणी, भजीबरोबरचं बुडवायचं पाणी, सगळीकडे ती असते. ताटात मासा दिसत नाही, म्हणून वाढणारा प्रामाणिकपणे "व्हेज आहे" म्हणून जातो. तेम्पुराच्या, म्हणजे तिथल्या भजीच्या, पिठात बहुधा अंडं असतं.

पण यावर उत्तरही जपानातच आहे. तिथल्या बौद्ध मठांतल्या शाकाहारी स्वयंपाकाला शोजिन र्योरी म्हणतात. त्यात मासा नाही, कांदा-लसूणही नाही. दाशी नुसत्या कोंबूची किंवा वाळवलेल्या शिताके अळंबीची. चव कुठेही फिकी नाही. कोंबूत ही चव कशामुळे येते ते किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये शोधलं आणि तिला 'उमामी' नाव दिलं. कोयासान डोंगरावर मठांत राहायची सोय आहे, ओसाकाहून गाडीने जाता येतं. तिथे मेन्यू नसतोच. तिळाचं गोमादोफू, गोठवून वाळवलेल्या तोफूचं कोयादोफू, हंगामातली भाजी. मुळा, कमळकाकडी असे कंद असतात, म्हणून मला निवडून खावं लागलं. तुमच्या बाबांना ती अडचण नसेल.

गोमादोफूचा पहिला घास मला अजून आठवतो. तीळ वाटून, गाळून, तवकिरासारख्या पिठात घोटून घट्ट केलेला. चमच्याने कापला तर हलला, जिभेवर ठेवला तर नुसता तीळ. संक्रांतीला आपण इतका तीळ खातो, पण तिळाची अशी चव मी कधी घेतली नव्हती.

---

प्रयोगशाळेतून | ४ जानेवारी, संध्याकाळी ७:१५

मी अन्नाचं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. विषय निघालाच आहे म्हणून मांसाहारी वाचकांसाठी. समुद्री माशात अनिसाकिस नावाची अळी असू शकते. कच्चा खायचा मासा उणे २० अंशांवर गोठवून ती मारतात. जपान आणि युरोपात किमान २४ तास गोठवायला सांगतात, अमेरिकेत ७ दिवस. वासाबीने किंवा व्हिनेगरने ती मरत नाही.

गोड्या पाण्यातला मासा कच्चा कधीच खाऊ नका. त्यातले परजीवी वेगळे आणि जास्त त्रासाचे. उजनीची चिलापी कितीही ताजी असली तरी ती तळून किंवा कालवणातच. घरी सुशी करून बघणारी मुलं हल्ली व्हिडिओ बघून काहीही करतात, त्यांना हे कळकळीने सांगा. गरोदर बायका आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चा मासा टाळावा.

---

मोहोळचा_मालदांडी | ५ जानेवारी, सकाळी ६:५०

ताई, तुमचं ओमाकासे आमच्या शेतात दर जानेवारीला चालतं. हुरड्याला पाहुणे येतात तेव्हा कणीस कोण निवडतं? पाहुणा नाही निवडत. दाणा दुधात आहे, चिकात आहे का पुढं गेलाय, हे उभ्या धाटावरच दिसावं लागतं. दोन दिवस आधी तोडलं तर दाणा फुटून नुसतं पाणी. दोन दिवस उशीर झाला तर चावायला कडक. ज्वारीसाठी मालदांडी, त्यातलंच निवडून काढलेलं एम ३५-१ आमच्या मोहोळचं. पण हुरड्याला आम्ही वेगळी पेरतो, गूळभेंडी, सुरती, कुचकुची.

आगटीत गोवऱ्यांची धग पाहिजे, जाळ नको. कणीस राखेत फिरवायचं, बाहेर काढून गरम गरम तळहातावर चोळायचं. हात भाजतो. फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि मूठभर दाणे थेट पाहुण्याच्या हातात. ते हिरवे, मऊ दाणे अर्ध्या मिनिटात तोंडात गेले पाहिजेत. गार झाले की गोडी गेली. ते तेन्नोजीवाले भाऊ कोमट भाताचं सांगतात तेव्हा मला आमची आगटीच दिसली. सोबत शेंगा चटणी, गूळ, दही. तेही आम्हीच वाढतो. म्हाताऱ्या माणसाला कोवळं कणीस, पोराला जरा भरलेलं.

बाबांना घेऊन या की. आता चांगला हुरडा आहे.

---

पार्कचौक | ५ जानेवारी, सकाळी ८:०५

हे वाचल्यावर माझं मत थोडं हललंय. हुरड्याला मीही कधी कणीस निवडलं नाही, आणि निवडावंसंही वाटलं नाही. मी शेतकऱ्यावर सोपवतो ते त्याला पीक कळतं म्हणून.

---

तेन्नोजी_ते_सातरस्ता | ५ जानेवारी, सकाळी ९:३०

यात एक गोष्ट जोडतो. ओळखीला तिथेही फार किंमत आहे. टोकियोत गिन्झाच्या एका तळघरात जिरो ओनो यांचं सुकियाबाशी जिरो आहे, जेमतेम दहा खुर्च्या. २००७ मध्ये रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मिशेलिनची टोकियोची पहिली यादी आली तेव्हा त्यात त्याला तीन, म्हणजे सर्वांत जास्त, तारे होते. २०१९ मध्ये यादीतून त्याचं नाव गेलं. जेवण बिघडलं म्हणून नव्हे, तर ते सर्वसामान्यांकडून थेट बुकिंग घेत नाहीत म्हणून. नेहमीचे गिऱ्हाईक किंवा मोठ्या हॉटेलमार्फतच खुर्ची मिळते. नवख्या माणसासाठी हे अन्यायाचं आहे, मलाही ते आवडत नाही. पण वाढणारा आणि खाणारा एकमेकांना ओळखतात तिथे जेवण वेगळं होतं, हे खरं.

---

अक्कांची_पंगत | ६ जानेवारी, रात्री १०:१०

मी सांगते, नातू टाइप करतोय. विजापूर वेशीच्या बाजूला आमची खानावळ आहे, सासूबाईंपासून. जेवायला पंचवीस-तीस जण, डबे वेगळे.

नातवाने मला हे सगळं वाचून दाखवलं. जपानचं मला काय कळत नाही, पण वाढायचं कळतं. वाढणाऱ्याने ताटाकडे बघायचं असतं. तोंडाकडे बघितलं तर माणूस लाजतो, "छान झालंय" म्हणतो. ताट खोटं बोलत नाही. एक पोरगा भाजीतला बटाटा रोज कडेला सारायचा. चार दिवसांनी मी त्याच्या वाटीत बटाटा घालणंच बंद केलं. त्याला महिन्याने कळलं. एक ड्रायव्हर मामा आहेत, रात्री हैदराबादला गाडी न्यायची असली की वरण-भात कमी खातात, झोप येते म्हणून. त्यांनी दाराबाहेर चप्पल काढली नाही, बूट काढले, की मला कळतं आज गाडी आहे. मग भाकरी एक जास्त. सोमवार कोण धरतं, संकष्टी कोणाची, कोणाला चातुर्मासात कांदा-लसूण चालत नाही, सगळं डोक्यात असतं. वहीत लिहून ते होत नाही.

माझी एकदा चूक झाली ती सांगते. सासूबाई गेल्या त्या वर्षी नवीन बाई स्वयंपाकाला ठेवली होती. तिने लसणाच्या चटणीचा चमचा तसाच आमटीत घातला. एका आजोबांचं व्रत होतं. मी त्यांच्या पाया पडले, त्यांच्यापुरती आमटी पुन्हा टाकली आणि तोवर त्यांच्याजवळ बसून राहिले. ते जेवून गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. तुमच्या बाबांना त्या पोरांनी सुपानंतर काहीच करून दिलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. चूक होते. पण माणूस कोरडा भात खात बसलाय आणि आत चूल पेटलेली आहे, हे कसं बघवतं?

शनिवारी दुपारी बाबांना आणि आईला घेऊन या. काय करणार ते सांगणार नाही. पण आधी कळवा, काय काय चालत नाही, आणि तब्येतीचं काय पथ्य आहे.

---

कंबरतळ्याकाठी | ७ जानेवारी, सकाळी ७:३०

अक्का, बाबांना वाचून दाखवलं. ते काहीच बोलले नाहीत, पण आईला म्हणाले शनिवारी स्वयंपाक करू नकोस. अंडं, मांस, मासा काही नाही. बीपीची गोळी आहे, मीठ बेताचं. बाकी सगळं चालतं.

---

कंबरतळ्याकाठी | ९ जानेवारी, रात्री ८:४५

भावाकडून कळलं ते सांगते. त्याने ज्या दुकानात जायचं ठरवलं होतं तिथल्या शेफला फोन करून सगळं नीट सांगितलं, पुण्याचा प्रकारसुद्धा. शेफने विचारलं, वडिलांना माशाचा वासही चालत नाही का? एकाच पाटावर, एकाच सुरीने कापलेलं चालेल का? भाऊ नाही म्हणाला. तेव्हा शेफने सांगितलं की मग मी तुमच्या वडिलांना नीट जेवू घालू शकणार नाही, माझं दुकान पूर्ण माशाचं आहे, लपवाछपवी करून पैसे घेणं मला जमणार नाही. वर त्याने शोजिन जेवण देणाऱ्या एका जागेचा नंबर दिला आणि तिथे स्वतः बोलतो म्हणाला.

बाबांना हे सांगितलं. "हा माणूस चांगला दिसतो," म्हणाले. जुळे सोलापूरच्या ताई, तुमच्यामुळे कोयासानचंही बघतोय. एक रात्र मठात राहायचा विचार आहे. एप्रिलमध्ये वर थंडी असते का?

---

जुळे_सोलापूर_३ | ९ जानेवारी, रात्री ९:२०

असते. आठशे मीटरच्या आसपास उंची आहे. बाबांसाठी कानटोपी आणि स्वेटर घ्या, आपली एक सोलापुरी चादरही टाका बॅगेत. रात्रीचं जेवण लवकर, सहाच्या सुमाराला असतं. बैठक खाली जमिनीवर, गुडघ्याचा त्रास असेल तर खुर्ची हवी म्हणून आधीच कळवा.

---

कंबरतळ्याकाठी | शनिवार, दुपारी ४:१०

आत्ताच आलो घरी. गड्डा जत्रेच्या गर्दीमुळे रिक्षा लांबच सोडली, चालत गेलो.

अक्कांनी आम्हाला चुलीच्या दाराजवळ बसवलं. आधी नुसतं ताक, जिरं चोळलेलं. मग गरम भाकरी आणि शेंगा चटणी, उखळात कुटलेली, हातात घेतली तर बोटांना तेल सुटत होतं. त्यानंतर भोगीची असते तशी मिसळ भाजी, पावटा, गाजर, ओला हरभरा, वांगं, वर तिळाचं कूट. बाबांची भाजी त्यांनी मिठाआधीच वेगळी काढली होती. मग कडक भाकरी आमटीत मोडून, आणि शेवटी गव्हाची हुग्गी, त्यावर तूप. एकेक वाढायच्या आणि दोन पावलं मागे जाऊन उभ्या राहायच्या. बाबांनी हुग्गी दोनदा घेतली. निघताना अक्कांना म्हणाले, "मिलजवळच्या मावशी अशाच उभ्या राहायच्या."

---

अक्कांची_पंगत | शनिवार, संध्याकाळी ६:००

परत या. एक विचारायचं राहिलं. बाबांनी कडक भाकरीचा एक तुकडा आमटीतून काढून ताटाच्या कडेला ठेवला होता, आणि सगळं एकाच बाजूने चावत होते. दाढ दुखती का?

---

कंबरतळ्याकाठी | शनिवार, संध्याकाळी ६:१२

हो अक्का. विचारलं आत्ता. डावीकडची, आठ दिवसांपासून. आम्हाला घरात कोणाला सांगितलं नव्हतं.